जुना जर्मन काचेचा बियर मग हातात आला तर तो कुठल्या काळातला हे कसं ओळखायचं

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी उतरलं तेव्हा सांगलीत गल्लोगल्ली घरातलं सामान रस्त्यावर काढून ठेवलं होतं, गाद्या, कपाटं, फोटो, वह्या, सगळ्याला गाळाचा एकच रंग. मी मावशीकडे चिखल काढायला गेलो होतो, तर शेजारच्या वाड्यातल्या आजींनी माझ्या हातात काहीतरी जड ठेवलं आणि म्हणाल्या, "तुझे आजोबा काचेच्या कारखान्यात होते ना, मग बघ बरं हे काय आहे, मामंजींच्या वेळेपासून फडताळात पडून होतं." धुतल्यावर निघाला काचेचा बियर मग, अर्ध्या लिटरचा, खालच्या बाजूला पैलू पाडलेले, वर बिजागरीचं कथलाचं झाकण आणि झाकणावर कोरलेली दोन अक्षरं आणि १८९६.

माझे आजोबा कऱ्हाडजवळ ओगलेवाडीला, जिथं प्रभाकर कंदील बनायचे, त्या कारखान्यात होते. काच हातात घेतली की आधी तिला आडव्या उजेडात धरायची, मग नखानं कडेनं फिरायचं, ही सवय त्यांची आणि तीच मला लागली. तो मग आजींच्याच घरी आहे पण त्याच्यामुळं मी या जर्मन मगांच्या मागं लागलो ते आजपर्यंत. आता ओळखीपाळखीतले लोक व्हॉट्सॲपवर फोटो टाकतात की बघ रे हे किती जुनं, फोटोवरून मला अर्धंच सांगता येतं, म्हणून बाकीचं अर्धं तुम्ही स्वतः कसं बघायचं ते इथं लिहून ठेवतोय.

आणि असे मग आपल्याकडे कुठून आले असं वाटत असेल तर, पहिल्या महायुद्धाच्या आधी जर्मनी आणि ऑस्ट्रियाच्या ताब्यातला बोहेमिया इथून आपल्याकडे काचेचा भरपूर माल यायचा, बांगड्या, दिवे, झुंबरं, पेले. आपण घरातल्या सगळ्याच जुन्या काचेला सरसकट बेल्जियमची काच म्हणतो, त्यातली कितीतरी प्रत्यक्षात बोहेमियातली असते.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. मगावर चित्र काय आहे हे शेवटी बघायचं, ते चित्र काचेवर कसं बसवलंय हे आधी बघायचं. कारण जर्मन लोकांनी स्वतःच्याच जुन्या फॅशन पुन्हा पुन्हा काढल्यात, तीनशे वर्षांपूर्वीचा गरुड पुन्हा शंभर-दीडशे वर्षांपूर्वी रंगवलाय आणि परत काल-परवाही. मिरजेत एका दुकानात मला असाच हिरवट उंच मग दाखवला, दोन डोक्यांचा गरुड, पंखांवर ढाली आणि खाली मोठ्या आकड्यात १६०२. दुकानदार म्हणाला, "साहेब, तारीखच लिहिलीय की हो, आणि काय पायजे?" किंमतही त्या तारखेचीच सांगत होता. पण तो मग १८८० च्या आसपासचा होता. कसं कळलं ते पुढं येईलच.

मग हातात आला की लगेच घासायला घेऊ नका. पुराचा गाळ असेल तर त्यात बारीक वाळू असते, कोरडं पुसलं की चरे पडलेच. कोमट पाण्यात, गरम नाही कोमट, थोडा भांड्याचा लिक्विड सोप टाकून अर्धा तास बुडवून ठेवा, टबात खाली जुना टॉवेल अंथरा, आणि गाळ आपोआप सुटू द्या. पण मगावर रंगकाम असेल आणि ते नखानं उचकटतंय असं वाटलं तर बुडवायचंच नाही, ओल्या कापसानं थोडं थोडं टिपायचं. शेवटचा हात आरओच्या पाण्यानं मारा, बोअरचं पाणी वाळलं की काचेवर पांढरे डाग बसतात आणि नंतर आपल्यालाच वाटत राहतं की काचच खराब झालीय. झाकण पाण्याखाली जास्त वेळ ठेवू नका, बिजागरीत पाणी राहतं.

आता साहित्य म्हणाल तर तीन वस्तू पुरतात. सराफ वापरतात ते दहापट मोठं दाखवणारं भिंग, मोबाईलचा टॉर्च आणि खोट्या नोटा तपासायचा जांभळा टॉर्च.

पहिल्यांदा मग उलटा करा. बुडाला मधोमध खडबडीत व्रण असेल किंवा तो घासून काढलेला गोल खळगा असेल तर मग फुंकून केलेला, कारीगरानं तो सळईवर धरला होता त्याची ती खूण. व्रण नाही आणि बाजूनं वरपासून खालपर्यंत सरळ रेघ नखाला लागते, कधी दोन कधी तीन, तर साच्यात दाबून केलेली काच, आणि ती जर्मनीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जोरात आली. मात्र साच्यात फुंकलेल्या मगालाही रेघ असते, फक्त तिथं आतून बोट फिरवलं तर बाहेरच्या पैलूंचा उंचसखलपणा आतही थोडा जाणवतो, दाबलेल्या काचेत आतली बाजू एकदम गुळगुळीत असते. बुडाला चांदणीसारखे कापलेले किरण असतील तर ते एकोणिसाव्या शतकात सर्रास चालायचं, पण भिंगातून बघा, चाकावर कापलेल्या किरणाची धार तीक्ष्ण असते, साच्यातल्या किरणाची धार गोलसर.

बुडावरची झीज तर नक्की बघा, मला सगळ्यात जास्त विश्वास तिच्यावर. शंभर वर्षं टेबलावर सरकलेल्या मगाला टेकतो त्या कडेवर चरे असतात, लहान मोठे, सगळ्या दिशांना, एकावर एक. कोणी सॅंडपेपरनं म्हातारा केलेला मग असेल तर चरे एका दिशेनं जातात आणि जिथं मग टेकतच नाही त्या खोलगट भागातही असतात. मिरजेच्या त्या १६०२ वाल्या मगाला कडेवर झीज होती, खरी होती, पण चारशे वर्षांची नव्हती. आणि काच हिरवी होती ती फार शहाण्यासारखी हिरवी, सगळीकडे सारखी. खरी जुनी जंगलातली काच, तिला वाल्डग्लास म्हणतात, ती हिरवी व्हायची कारण वाळूत लोह असायचं आणि क्षारासाठी लाकडाची राख वापरायचे, त्यामुळं तिचा रंग कुठं गडद कुठं फिका, बुडबुडे, मधेच मळकट रेषा, असा सगळा प्रकार असतो. रंग मुद्दाम घातलेली हिरवी काच आणि नाइलाजानं हिरवी झालेली काच यातला फरक दोन-चार वेळा शेजारी शेजारी ठेवून बघितला की डोळ्यात बसतो.

आता सजावटीच्या फॅशनचा क्रम सांगतो, इथं जरा सावकाश वाचा.

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अठराव्यापर्यंत मोठे उंच सरळसोट पेले चालायचे, हुम्पेन म्हणतात त्यांना, कान नसलेलेच बरेचसे. त्यावर मिन्याचं रंगकाम, म्हणजे काचेची रंगीत पूड कुंचल्यानं लावून भट्टीत भाजायची की ती काचेशी एकजीव होते. सगळ्यात मानाचा राइख्सआडलरहुम्पेन, दोन डोक्यांचा साम्राज्याचा गरुड आणि पंखांवर ५६ ढाली. असे खरे पेले आज म्युझियममध्ये असतात, तुमच्या माळ्यावर निघायची शक्यता जवळजवळ नाही, हे स्पष्ट सांगतो म्हणजे पैसे वाचतील.

त्याच काळात दुसरी वाट कोरीवकामाची. प्रागमध्ये सम्राट दुसरा रुडॉल्फ याच्या दरबारात कास्पार लेमान म्हणून रत्नं कोरणारा कारागीर होता, त्यानं रत्नं कोरायचं तांब्याचं चाक काचेवर चालवलं आणि १६०९ मध्ये त्याला त्याचा खास परवाना मिळाला. त्याचा शिष्य पुढं न्यूरेंबर्गला गेला आणि तिथं कोरणाऱ्यांची परंपराच उभी राहिली. अठराव्या शतकात पोर्सेलीनचं वेड आलं, तेव्हा पोर्सेलीन परवडत नाही तर दुधासारखी पांढरी काच करून त्यावर फुलं आणि माणसं रंगवायला लागले. हे पांढरे मग फोटोत चिनी मातीचेच वाटतात, टॉर्च मागून धरला की कडेला निळसर-लालसर झाक दिसते.

मग १८१५ ते १८४८ चा बीडरमायर काळ, आणि माझं मन इथंच जास्त रमतं. युद्धं संपलेली, मध्यमवर्गाला घर सजवायची हौस, आणि कार्ल्सबाड, मारिएनबाड सारख्या औषधी पाण्याच्या झऱ्यांच्या गावी जाऊन तिथलं पाणी प्यायची टूम, मग तिथून आठवण म्हणून पेला आणायचा, त्यावर त्या गावचं दृश्य कोरलेलं. रंगांची तर चढाओढच होती. फ्रीडरिश एगरमान म्हणून एकानं चांदीपासून पिवळा आणि नंतर १८३० च्या दशकात तांब्यापासून लाल रंग काचेवर चढवायची रीत बसवली, फार पातळ थर, आणि मग चाकानं तो थर खरवडला की खालची बिनरंगी काच दिसते, त्यातूनच हरीण, झाडं, देऊळ, नाव असं सगळं उमटतं. याच्याशी मिळतीजुळती पण महाग पद्धत म्हणजे दोन रंगांच्या काचेचे जाड थर एकावर एक. ओळखायचं कसं, तर कापलेल्या ठिकाणी कडेनं भिंग लावा. चढवलेल्या रंगाला जाडी अशी दिसतच नाही, कागदाच्याही कमी, आणि थराच्या काचेत वरच्या रंगाची पायरी स्पष्ट दिसते, साडीच्या काठासारखी. हा फरक समजला की विक्रेता जे काही सांगतो त्यातलं निम्मं तुम्हाला तपासता येतं.

याच १८३० च्या दशकात योजेफ रीडेल यानं युरेनियम घातलेली पिवळी आणि हिरवी काच काढली आणि बायकोच्या नावावरून त्यांना आनागेल्ब आणि आनाग्र्यून अशी नावं दिली. इथं तो नोटांचा टॉर्च कामाला येतो, अंधार करून मारा, युरेनियमची काच झगझगीत पोपटी पेटते, अगदी अंगावर येते. मंद, मळकट हिरवी चमक आली तर ते बहुतेक मँगनीज, काच बिनरंगी दिसावी म्हणून घालायचे. युरेनियमच्या मगाला शोकेसमध्ये ठेवायला घाबरायचं कारण नाही, रोज त्यात प्यायचं तेवढं टाळा.

१८४२ मध्ये पिल्झेनला सोनेरी, नितळ बियर निघाली, ती करणारा योजेफ ग्रोल मूळ बव्हेरियाचा. आतलं पेय असं दिसायला देखणं झालं की भांडं पारदर्शक हवं हे ओघानं आलंच, आणि साच्यामुळं काच स्वस्तही होत गेली. दगडी मातीचे मग मागं पडत काचेचे पुढं आले, म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्टला १८९२ पासून काचेचे मग दिसायला लागले.

१८७१ ला जर्मनी एक झाला आणि सगळ्यांना जुन्या वैभवाची आठवण आली. आल्टडॉइच म्हणजे जुनी जर्मन शैली, पुन्हा हिरवी काच, पुन्हा गरुड, ढाली, सरदार, आणि पुन्हा जुन्या तारखा. सिलेशियातल्या पेटर्सडॉर्फचा फ्रिट्झ हेकर्ट यांचा कारखाना, १८६६ चा, या कामासाठी प्रसिद्ध, बव्हेरियातला तेरेझियनथालही. त्यांनी फसवायला केले नव्हते, तेव्हाच्या लोकांना ते नवेच म्हणून विकले, काहींच्या बुडाला रंगानं कारखान्याची खूण आणि नंबरही असतो. मिरजेच्या मगाच्या बुडाला भिंगातून मला असाच बारीक रंगवलेला नंबर दिसला. दुकानदाराला मी तो दाखवला, त्यानंही भिंग लावून नीट बघितलं आणि किंमत खाली आणली, आता तो स्वतःच गिऱ्हाइकाला "गरुडाची तारीख धरू नका" म्हणून सांगतो. आणि १८८० चा मगही देखणाच आहे हो, काम उत्तम आहे त्यावर, फक्त जो आहे तो म्हणून घ्यावा.

१८९६ ला म्युनिकमध्ये युगेंड नावाचं मासिक निघालं, त्याच्यावरून युगेंडस्टील ही शैली, तिच्यात वेली, लांब देठाची फुलं, वाकडीतिकडी वळणं, झाकणावरही तीच. विसाव्या शतकात पुढं पुढं चौकोन-त्रिकोण आणि मग छापील चित्रं. छापील ओळखणं सोपं, भिंगाखाली वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे ठिपके दिसतात, आणि चित्राच्या कडेला पातळ पापुद्र्याची रेघ बोटाला लागते.

तंत्राबद्दल अजून थोडं. मिन्याचं भाजलेलं रंगकाम नखानं निघत नाही आणि कुंचल्याचा फटकारा थोडा उंच लागतो. न भाजता लावलेला रंग खपल्या धरून निघतो. चाकानं कोरलेल्यात खोली कमीजास्त असते, हरणाच्या पोटाला खोल, पायाला उथळ, आणि भिंगाखाली बारीक समांतर रेघा दिसतात. ॲसिडनं खाल्लेली नक्षी सगळीकडे एकाच खोलीची, सपाट. वाळूच्या झोतानं केलेली दाणेदार, आणि हे तंत्र १८७० चं, म्हणजे वाळूच्या झोताची नक्षी आणि खाली १८४५ असं असेल तर दोन्ही एकत्र नांदू शकत नाहीत.

झाकणाकडे वळू. बहुतेक झाकणं प्यूटरची, म्हणजे मुख्यतः कथील, आपल्या कल्हईचं तेच, त्यात थोडे दुसरे धातू आणि जुन्यात शिसंसुद्धा. कानाच्या वरच्या बाजूला धातूची पट्टी गुंडाळलेली असते, तिच्यावर बिजागरी, आणि अंगठ्यानं दाबायची कळ, तिचे आकार किती प्रकारचे, गोळा, गरुड, वीणेसारखा, म्युनिकच्या मगांवर ख्रिस्ती मठातल्या साधूच्या वेशातलं लहान पोर. पट्टी आणि कान यांच्यात फट आहे का बघा, खऱ्या जोडीत पट्टी कानाला घट्ट बसलेली असते. नंतर दुसऱ्या मगाचं झाकण आणून लावलेलं असेल तर ते तोंडाला नीट बसत नाही, एका बाजूला सरकतं. उलट, कानावर फिकट पट्टा आणि झिजलेली खूण आहे पण झाकण नाही, असे मग पण पुष्कळ. पहिल्या महायुद्धात जर्मन सरकारनं कथलासाठी बियर मगांची झाकणं जमा करून घेतली होती, हेही त्यामागचं एक कारण.

मापाची खूण हा तर हुकमी पुरावा. जर्मनीत लिटर सक्तीचं झालं १८७२ ला, आणि गुत्त्यातल्या पेल्यांवर मापाची रेघ हवीच असा कायदा १८८१ चा, लागू १८८४ पासून. त्यामुळं वरच्या बाजूला आडवी रेघ आणि शेजारी ०,५ असा आकडा, स्वल्पविरामासकट, पुढं एल, असं असेल तर मग १८७२ च्या आधीचा नाही असं धरून चाला. रेघ नाही म्हणून लगेच जुना ठरवू नका, घरगुती वापराच्या, भेट द्यायच्या मगांना ती लागत नव्हती. इंग्रजीत मेड इन जर्मनी असेल तर बहुतेक १८८७ च्या नंतरचा, कारण ब्रिटिशांनी त्या वर्षी परदेशी मालावर देशाचं नाव लिहायचा कायदा केला. आणि पश्चिम जर्मनी असं लिहिलं असेल तर १९४९ ते १९९० मधला.

आजींच्या मगाला हे सगळं लावून बघितलं. फुंकलेली काच, बुडाला घासलेला खळगा, पैलूंची धार तीक्ष्ण, ०,५ ची रेघ चाकानं कोरलेली, पट्टी घट्ट, आणि झाकणावरचा १८९६ हा आकडा हातानं कोरलेला, त्याच्या रेघांमध्येही बाकीच्या झाकणाइतकाच काळेपणा साचलेला. नंतर कोरला असता तर रेघा आतून उजळ दिसल्या असत्या. काच, झाकण, सजावट, तिन्ही एकाच वयाची बोलतात, म्हणजे मग खरा.

जपायचं कसं, तर झाकणाचा काळसर रंग काढायला जाऊ नका. तांब्या-पितळेची पावडर, चिंच, लिंबू, राख, तारेची घासणी, यातलं काहीही प्यूटरला लावायचं नाही, नुसतं मऊ फडकं. बिजागरी तुटली तर कल्हईवाल्याकडे किंवा वेल्डिंगवाल्याकडे अजिबात नेऊ नका. शुद्ध कथीलच २३२ अंशाला वितळतं, प्यूटर बहुतेक त्याच्याही आधी. माझ्या एका मगाचं झाकण एका कारागिराच्या ज्योतीखाली डोळ्यादेखत थेंब होऊन खाली पडलं, तो बिचारा मन लावून करत होता पण त्याला धातू कुठला हे मी आधी सांगायला हवं होतं. तुटलेलं तसंच ठेवा, तुकडा जपून ठेवा. पावसाळ्यात झाकण किंचित उघडं राहील असा कागदाचा बोळा मध्ये घाला, नाहीतर आत वाफ धरून काच धुरकट होते. आणि शिशामुळं, त्यात ताक, कोकम सरबत असं आंबट काही ओतू नका, गरम चहाही नको, जुनी काच तडकते.

विकत घेताना टवका तोंडाच्या कडेवर आहे का ते बोटानं नाही तर ओढणी किंवा रुमाल फिरवून बघा, धागा अडकतो. कानाच्या मुळाशी टॉर्च लावून तडा बघा, तिथंच पहिला जातो. परदेशात पाठवायचा विचार असेल तर आपल्याकडे १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे, शंभर वर्षांवरची वस्तू त्यात येऊ शकते, पुरातत्त्व खात्यात विचारल्याशिवाय पार्सल करू नका.

आणि प्रत्येक मगात एक चिठ्ठी टाका, पेन्सिलनं लिहिलेली, शाई ओलीनं पसरते. उंची किती, काय काय खुणा, कुणाकडून आला, कधी. आजींच्या मगात मी लिहून ठेवली तेव्हा त्यांनी चष्मा लावून ती वाचली, माझ्याकडून पेन्सिल घेतली आणि खाली स्वतःच्या अक्षरात भर घातली, "२००५ ला पाणी फडताळाच्या खालच्या खणापर्यंत आलं होतं, हा वरच्या खणात होता. २०१९ ला वरचा खणही बुडाला."